पाळणाघरात कापडी डायपर : पालकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाळाला पाळणाघरात ठेवण्याचा निर्णय झाला की घरी नीट चाललेल्या कापडी डायपरचे पुढे काय करायचे, हा प्रश्न बहुतेक पालकांना पडतो. आमच्या पाळणाघरात प्रवेशाच्या वेळी, दाराशी बाळ घेता-देताना आणि फोनवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, ते येथे एकत्र केले आहेत. उत्तरे आमच्या अनुभवावर आधारलेली असल्यामुळे आपल्या पाळणाघराची पद्धत काही बाबतींत वेगळी असू शकते.

१. कापडी डायपर म्हणजे आमच्या आजी वापरत तीच लंगोट का? तीच पाठवली तर चालेल का?

घरी वापरण्यासाठी सुती लंगोट उत्तम असते, कारण ती स्वस्त असते, लवकर वाळते आणि ओली झाल्याचे तत्काळ कळते. पाळणाघरात मात्र एकाच सतरंजीवर सहा-सात मुले खेळत असतात. नुसत्या लंगोटीतून ओल बाहेर आली की ती सतरंजीला, दुसऱ्या मुलाच्या हाताला आणि तेथून तोंडाला लागते. त्यामुळे आतला शोषक थर आणि बाहेरचे पाणी न झिरपणारे आवरण असे दोन्ही असलेला डायपर आम्ही मागतो. हे आवरण बहुधा पॉलियुरेथेनचा पातळ थर दिलेल्या कापडाचे असते आणि त्याला पीयूएल म्हणतात. आपल्याकडे भरपूर लंगोटी असतील तर त्या वाया घालवण्याची गरज नाही. लंगोटीची लांबट घडी घालून ती अशा आवरणाच्या आत ठेवल्यास ती शोषक थराचे काम चांगले करते.

२. बाळ किती महिन्यांचे झाल्यावर सुरुवात करावी?

वयाची अट नाही. प्रसूती लाभ कायद्यात २०१७ साली झालेल्या दुरुस्तीने आलेल्या आणि आता सामाजिक सुरक्षा संहितेत कायम असलेल्या तरतुदीनुसार पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते आणि तिचे जास्तीत जास्त ८ आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात. त्यामुळे नोकरदार आईचे बाळ साधारणपणे चार ते सहा महिन्यांचे असताना आमच्याकडे येते. उष्टावणही याच सुमारास होते आणि त्यानंतर शीचे स्वरूप बदलते. केवळ अंगावरच्या दुधावर असलेल्या बाळाची शी पातळ असते आणि पाण्यात सहज विरघळते, तर वरचे अन्न सुरू झाल्यावर ती घट्ट होते आणि तिचा वासही वाढतो. आमचा आग्रह एवढाच आहे की, पाळणाघर सुरू होण्यापूर्वी किमान दोन आठवडे घरी तेच डायपर वापरून पाहावेत. कोणता डायपर गळतो, मांडीला कोणता रुततो आणि आपल्या बाळाला बटणाची कोणती ओळ बसते, हे आपल्याला आधी कळलेले असले तरच आपण ते मावशींना सांगू शकाल.

३. रोज किती डायपर द्यावे लागतील?

दर दोन ते अडीच तासांनी बदल धरला, तर नऊ तासांच्या मुक्कामासाठी चार डायपर लागतात. शीसाठी एक आणि गळतीसाठी एक असे दोन जास्तीचे धरून सहा द्यावेत. एक दिवसाआड धुणार असाल, तर घरचे आणि पाळणाघराचे मिळून अठरा ते वीस डायपर असल्यास ओढाताण होत नाही. पावसाळ्यात हा हिशेब बदलतो, त्यासाठी प्रश्न ९ पाहावा.

४. डायपर कसे भरून पाठवावेत?

या एका गोष्टीवर कापडी डायपरचे पाळणाघरातले यशापयश ठरते असे आमचे ठाम मत आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहीत आहोत. मावशींना डायपर बदलण्यासाठी मिळणारा वेळ फार थोडा असतो. एक बाळ मेणकापडावर असते, दुसरे रडत असते आणि तिसरे उंबऱ्यापर्यंत रांगत गेलेले असते. अशा वेळी इन्सर्ट, म्हणजे आतला शोषक थर, वेगळे, आवरण वेगळे आणि वरचे अस्तर तिसऱ्याच पिशवीत असेल, तर ते जुळवताना चूक होतेच. म्हणून डायपर घरूनच पूर्ण जुळवून, म्हणजे खिशात इन्सर्ट घालून, वर अस्तर पसरून, उंचीची टिचबटणे बाळाच्या मापाला लावून आणि घडी करून पाठवावेत. मावशींनी घडी उघडावी आणि डायपर लावावा, इतके ते सोपे असले पाहिजे. तसे केले की फेकण्याच्या डायपरइतकाच वेळ लागतो आणि मग कोणाचीही तक्रार उरत नाही.

सोबत दोन ‘ओल्या पिशव्या’, म्हणजे वापरलेले ओले डायपर ठेवण्याच्या पिशव्या, द्याव्यात. चेन असलेली आणि पाणी न झिरपणारी पिशवी चांगली. एक आज घरी जाते आणि दुसरी उद्यासाठी आमच्याकडे राहते. प्रत्येक डायपरवर आणि पिशवीवर आतल्या बाजूने बाळाचे नाव न पुसणाऱ्या शाईने लिहावे किंवा ठरावीक रंगाच्या दोऱ्याचे चार टाके घालावेत. बाजारात त्याच त्या नक्षीचे डायपर इतके आहेत की नाव नसेल तर अदलाबदल हमखास होते.

५. मावशींना टिचबटणे सोपी पडतात की वेल्क्रो?

वेल्क्रो पटकन लागतो आणि कमरेचे माप हवे तसे घेता येते. परंतु वर्षभराचे मूल तो स्वतःच उघडायला शिकते आणि धुण्यात त्याचे केस उठून तो सैल होतो. टिचबटणे लावायला काही क्षण जास्त लागतात, पण ती टिकतात. नऊ-दहा महिन्यांपर्यंत काहीही चालेल. त्यानंतर टिचबटणेच द्यावीत.

६. शी झालेला डायपर तुम्ही धुऊन का देत नाही? निदान विसळून तरी द्या.

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि काही वेळा तो रागानेही विचारला जातो. धुण्याचे काम कमी प्रतीचे आहे म्हणून आम्ही ते टाळत नाही. पाळणाघरात शीचा डायपर विसळताना उडणारे पाण्याचे तुषार नळावर, कठड्यावर आणि मावशींच्या कपड्यांवर बसतात, आणि त्याच मावशी दहा मिनिटांनी दुसऱ्या बाळाला खिमट भरवतात. अमेरिकेतील बालसंगोपन केंद्रांसाठी असलेल्या आरोग्यविषयक मार्गदर्शक निकषांमध्येही मळलेले कापडी डायपर केंद्रात विसळू नयेत, ते मुलांच्या वावराच्या जागेतून शौचालयापर्यंत नेऊ नयेत आणि बंद पिशवीत घालून घरी पाठवावेत, असे स्पष्ट म्हटले आहे.

आमच्याकडे डायपर बदलण्याचा ओटा शौचालयाला लागूनच आहे. त्यामुळे अस्तरावर घट्ट शी असेल, तर मावशी ती शौचालयात पाडतात आणि बाकी सर्व जसेच्या तसे ओल्या पिशवीत ठेवतात. ज्या पाळणाघरात त्यासाठी मुलांच्या खोलीतून जावे लागते, तेथे पालकांनी एवढीही अपेक्षा ठेवू नये.

डायपर बादलीत भिजवून ठेवा, असेही काही पालक सुचवतात. सुरुवातीच्या वर्षी आम्ही तशी झाकणाची बादली ठेवली होती आणि ती चूक होती. रांगणारे किंवा नुकते उभे राहू लागलेले मूल बादलीत डोके खाली वाकवून पडले, तर त्याला स्वतःहून बाहेर येता येत नाही, आणि बुडण्यासाठी काही इंच पाणीही पुरते. लहान मुलांच्या वावरात भरलेली बादली कधीच असू नये. हा नियम घरीसुद्धा पाळावा, अशी कळकळीची विनंती आहे.

७. ओले डायपर दिवसभर पिशवीत राहिले तर चालतात का? लोकलच्या गर्दीत वास येणार नाही ना?

सकाळी आठचा डायपर संध्याकाळी सातपर्यंत बंद पिशवीत राहिला, तर काही बिघडत नाही. ताज्या लघवीला फारसा वास नसतो. लघवीतील युरियाचे जिवाणूंमुळे अमोनियात रूपांतर होऊ लागले की उग्र दर्प येतो, आणि त्याला काही तास लागतात. पिशवीची चेन पूर्ण लावलेली असेल, तर दर्प बाहेर येत नाही. घरी पोहोचल्यावर मात्र पिशवी लगेच रिकामी करावी, डायपर हवेशीर जागी झाकण नसलेल्या टोपलीत ठेवावेत आणि पिशवी उलटी करून त्यांच्यासोबतच धुवावी. शुक्रवारची पिशवी सोमवारी उघडली गेली, तर कापडाचे आणि उघडणाऱ्याचेही हाल होतात.

८. घरी धुण्याची योग्य पद्धत कोणती? साबण, रिठे, गरम पाणी यांबद्दल प्रत्येक जण वेगळे सांगतो.

शी असलेले डायपर आधी शौचालयात जेट स्प्रेने धुऊन घ्यावेत. त्यानंतर सर्व डायपर, खिशातील इन्सर्ट बाहेर काढून, साध्या थंड पाण्यात एकदा खळबळून घ्यावेत किंवा मशिनचा छोटा फेरा द्यावा, म्हणजे लघवी निघून जाते. मग मुख्य धुलाई ४० ते ६० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात नेहमीच्या चांगल्या डिटर्जंटने करावी. बाळाचे कपडे म्हणून डिटर्जंट चिमूटभरच घालण्याची पद्धत पडली आहे आणि डायपरला वास मारण्याचे ते सर्वांत सामान्य कारण आहे. डिटर्जंट पुरेसे घालावे आणि शेवटी साध्या पाण्याचा एक जास्तीचा फेरा द्यावा, म्हणजे ते कापडात राहत नाही.

फॅब्रिक सॉफ्टनर कधीही वापरू नये, कारण त्याचा थर धाग्यांवर बसतो आणि कापड पाणी शोषेनासे होते. रिठ्याच्या पाण्याने झबली-टोपडी छान निघतात, परंतु लघवी आतपर्यंत मुरलेल्या चार-पाच थरांच्या इन्सर्टसाठी ते पुरत नाही, असा आमचा अनुभव आहे. सुती लंगोटी आणि इन्सर्ट अधूनमधून उकळत्या पाण्यात घालता येतात. पीयूएलचे आवरण मात्र उकळू नये, धोपटू नये आणि पिळाही देऊ नये, नाहीतर आतला थर सुटतो. इन्सर्ट कडक उन्हात आणि आवरण सावलीत वाळवावे. उन्हाने शीचे पिवळे डाग फिके होतात, त्यासाठी वेगळे काही घालावे लागत नाही.

नवे डायपर आणले की सुती, बांबूचे आणि हेंपचे इन्सर्ट वापरण्यापूर्वी चार-पाच वेळा धुवावेत. नव्या कापडातील नैसर्गिक तेलकटपणा गेल्याशिवाय ते पूर्ण क्षमतेने शोषत नाही. मायक्रोफायबरला एक धुणे पुरते, पण त्याचा थेट त्वचेशी संपर्क येऊ देऊ नये, कारण तो त्वचेचाही ओलावा ओढतो.

९. पावसाळ्यात डायपर वाळतच नाहीत. जून ते सप्टेंबर काय करावे?

कोकणात आणि मुंबईत जाड इन्सर्ट जुलैमध्ये दोन दिवसांतही वाळत नाही. अशा वेळी आजीच्या पद्धतीकडे वळावे. एकाच थराचे मोठे चौकोनी सुती कापड घडी घालून आवरणात वापरावे. उघडून दोरीवर टाकले की ते पंख्याखाली रात्रभरात वाळते. शिवून जोडलेले जाड इन्सर्ट पावसाळ्यात घरी ठेवावेत. दमट डायपर आमच्याकडे आला, तर आम्ही तो वापरत नाही, कारण ओलसर कापड दोन तास त्वचेला लागून राहिले की पुरळ येतेच. तेवढ्या दिवसापुरता फेकण्याचा डायपर पाठवावा, त्यात संकोच मानू नये.

१०. आमच्याकडे बोअरचे पाणी आहे. डायपर कडक होतात आणि बाळाने शू केली की डोळे झोंबतील असा वास येतो.

जड पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांचा साबणाशी संयोग होऊन न विरघळणारी साय तयार होते. ती धाग्यांत अडकते, तिच्यात लघवीचा अंश राहतो आणि पुढच्या वेळी ताजी लघवी पडताच दर्प उसळतो. अशा घरांत कपड्याची वडी टाळून डिटर्जंट पावडर वापरावी, तिचे प्रमाण थोडे वाढवावे आणि धुताना एक-दोन चमचे धुण्याचा सोडा घालावा. आधीच कडक झालेले सुती इन्सर्ट सोडा घातलेल्या गरम पाण्यात काही तास ठेवून भरपूर पाण्याने धुतल्यास पुन्हा मऊ होतात. हे भिजवणे मुलांच्या हाती न लागेल अशा, दार बंद असलेल्या जागीच करावे.

११. बाळाला पुरळ आले आहे. कापडी डायपर थांबवावा का?

लगेच थांबवण्याचे कारण नाही, परंतु पुरळ कसले आहे ते पाहावे लागते. ओलाव्यामुळे आलेला लालसरपणा बहुधा फुगीर भागावर असतो आणि डायपर लवकर बदलला, थोडा वेळ उघडे ठेवले की कमी होतो. जांघेच्या वळ्यांत गडद लाल पट्टा असेल आणि कडेला सुटे लाल ठिपके असतील, तर बुरशीचा संसर्ग असण्याची शक्यता असते आणि त्यासाठी बालरोगतज्ज्ञांनाच दाखवावे लागते. घरगुती उपायांत दिवस घालवू नयेत. झिंक ऑक्साईड असलेले मलम कापडावर बसले की सहजी निघत नाही आणि तेवढ्या जागी कापड शोषत नाही. मलम लावायचे असेल, तेव्हा वर पातळ वेगळे अस्तर पाठवावे. औषध लावायचे असल्यास त्याचे नाव, प्रमाण आणि वेळ आम्हाला लिहून द्यावी. तोंडी निरोपावर आम्ही औषध लावत नाही.

१२. घरी गळत नाही, पाळणाघरातच का गळते?

डायपर भरला म्हणून गळतो हे खरे, पण त्याआधी तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली, सकाळच्या मालिशचे तेल. अंघोळीनंतर मांड्यांवर राहिलेले तेल अस्तरावर उतरते आणि त्यावरून लघवी घरंगळते. दुसरी, करगोटा. तो डायपरच्या कमरेच्या आत राहिला, तर दोरा वातीसारखे काम करतो आणि झबले ओले होते. म्हणून तो डायपरच्या वर घ्यावा. तिसरी, आवरणाबाहेर डोकावणारी सुती कड. अर्धा सेंटिमीटर कापड बाहेर राहिले तरी ओल बाहेर येते. इलॅस्टिक जांघेच्या वळीत बसलेले आणि कमरेशी दोन बोटे जातील इतके सैल असावे.

१३. जाड डायपरमुळे बाळाचे पाय फेंगडे होतील, असे सासूबाई म्हणतात.

ही काळजी प्रेमापोटी असते, त्यामुळे ती उडवून लावू नये. परंतु तसे होत नाही. तान्ह्या बाळाचे पाय जन्मतः थोडे वाकलेलेच असतात, चालू लागल्यावरही साधारण दोन वर्षांपर्यंत ते तसे दिसू शकतात आणि मग आपोआप सरळ होतात. गुडघे बाजूला आणि खुबे वाकलेले ही तान्ह्या बाळाची नैसर्गिक स्थिती आहे. उलट पाय सरळ ताणून दुपट्यात घट्ट बांधणे खुब्याच्या सांध्यासाठी धोक्याचे असते. पायांच्या वाकांत फरक वाटला किंवा दोन वर्षांनंतरही वाक वाढत गेला, तर डॉक्टरांना दाखवावे.

१४. जुलाब होत असताना किंवा लस दिल्यावर कापडी डायपर पाठवावा का?

जुलाब होत असताना मुलालाच पाठवू नये. शेवटची पातळ शी होऊन ४८ तास झाल्यावर आम्ही त्याला घेतो. त्यानंतर डायपर कापडी असला तरी हरकत नाही. रोटाव्हायरसची लस ६, १० आणि १४ आठवड्यांना तोंडावाटे दिली जाते आणि पोलिओची लसही थेंबांतून दिली जाते. या लसींतील दुर्बळ केलेले विषाणू पुढे काही काळ शीतून बाहेर पडतात. बाळाला त्याचा त्रास नसतो, परंतु लस दिल्याचे आम्हाला कळवावे. डायपर बदलल्यावर साबणाने हात धुण्याचा नियम एरवीही आहे. घरात कोणाची रोगप्रतिकारशक्ती उपचारांमुळे कमी झालेली असेल, तर आपणही तो विशेष काटेकोरपणे पाळावा.

१५. आमच्याकडे पाणी टँकरने येते. अशा वेळी कापडी डायपरचा आग्रह धरणे योग्य आहे का?

नाही. जेथे पिण्याच्या पाण्याची ओढ आहे, तेथे हा आग्रह आम्ही धरणार नाही. इंग्लंडच्या पर्यावरण खात्याच्या संस्थेने २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही कापडी डायपरचा पर्यावरणावरील भार मुख्यतः तो कसा धुतला आणि वाळवला जातो यावर ठरतो, असे दिसले होते. पूर्ण भरलेले मशिन, दोरीवर वाळवणे आणि तेच डायपर धाकट्या भावंडाला वापरणे यांनी तो भार बराच उतरतो. दोरीवर वाळवण्याची सवय आपल्याकडे आहेच. उन्हाळ्याचे तीन महिने फेकण्याचे आणि उरलेले वर्ष कापडी, अशी विभागणीही अगदी योग्य आहे.

१६. काही दिवस फेकण्याचे डायपर दिले, तर त्यांची विल्हेवाट कशी लावता?

घनकचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेले डायपर सॅनिटरी कचऱ्यात मोडतात आणि ते नीट गुंडाळून वेगळे देणे कचरा करणाऱ्याची जबाबदारी असते. आम्ही शी शौचालयात टाकून डायपर वर्तमानपत्रात गुंडाळतो आणि वर लाल ठिपका काढतो. पुण्यात कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने ही लाल ठिपक्याची पद्धत रुजवण्यासाठी प्रयत्न केले आहेत. ठिपका दिसला की आत काय आहे ते कळते आणि कचरा वेचणाऱ्या बाईला पुडके उघडावे लागत नाही. घरीही हे करायला दहा सेकंद पुरतात. ‘फ्लश करता येते’ असे छापलेले कागदी अस्तरही शौचालयात टाकू नये, कारण ते पाइपात अडकते.

१७. ऑफिसच्या पाळणाघराने कापडी डायपरला नकार दिला. कायदा काही सांगतो का?

प्रसूती लाभ कायद्याच्या जागी आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेनुसार ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करावी लागते आणि आईला दिवसातून चार वेळा तेथे जाण्याची मुभा असते. डायपर कोणता असावा, याबद्दल त्या कायद्यात काही नाही. नकारामागे बहुधा धुवावे लागेल ही भीती असते. प्रश्न ४ आणि ६ मधील पद्धत प्रत्यक्ष करून दाखवावी आणि आठवडाभर रोज दोनच डायपर देऊन सुरुवात करावी. चार भेटींपैकी एका भेटीत डायपर स्वतः बदलावा आणि त्या वेळी मावशींनाही सोबत घ्यावे.

१८. दुसऱ्या मुलाचे जुने डायपर घेतले तर चालतील का?

चालतील. इलॅस्टिक ताणून पाहावे आणि आवरण उजेडासमोर धरून थर सुटला आहे का ते तपासावे. त्यानंतर प्रश्न ८ प्रमाणे दोन वेळा पूर्ण धुवावेत. इलॅस्टिक सैल झाले असेल, तर शेजारचा शिंपीही ते बदलून देतो. आमच्याकडून मोठ्या झालेल्या मुलांचे डायपर दाराशी ठेवलेल्या टोपलीत असतात. त्यांतील हवे ते घरी नेऊन आधी वापरून पाहावेत.